विहिरीचा रविवार

आमच्या घराण्याच्या विहिरीला सात वाटेकरी होते, आणि आठवड्याला वारही सातच. हा मेळ आजोबांना इतका आवडला की मरण्यापूर्वी त्यांनी विहिरीचे वार वाटून दिले. चार त्यांचे मुलगे, तीन त्यांच्या भावाचे. वाटणी वयाच्या क्रमानं झाली. थोरल्याला सोमवार, कारण तो महादेवाचा. माझे बाबा सातांत धाकटे. त्यांच्यापर्यंत येईतो रविवार तेवढा उरला होता. ज्याचा वार असेल त्यानं त्या दिवशी मोट चालवायची आणि आपला मळा भिजवायचा, बाकीच्यांनी विहिरीकडे फिरकायचं नाही. बांधावरून आमच्या घराण्यात डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. वारावरून कधी भांडण झालं नाही.

तेव्हा रविवार हा आमच्या गावात नुसता एक वार होता. त्या दिवशी कचेऱ्या बंद असतात एवढं त्याचं महत्त्व, आणि आमच्या गावात कचेरी नव्हती. मग बाबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याबरोबर माय, आणि मायबरोबर मी, नऊ वर्षांची. त्या दिवसापासून रविवार आमच्या घरात मानाच्या पाहुण्यासारखा येऊन बसू लागला. तो असेपर्यंत कोणी कामाला हात लावायचा नाही, असा पाहुणा.

बाबांनी बाप्तिस्मा का घेतला हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. मिशनचा एक प्रचारक दोन उन्हाळे आमच्या मळ्यातल्या आंब्याखाली दुपारचा टेकायला येई, एवढं आठवतं. त्यानं बाबांना वाचायला शिकवलं. तिशी ओलांडलेला माणूस बोटानं ओळ धरून वाचतो आहे, आणि बैल बांधून ठेवलेले आहेत, हे चित्र गावाला धर्मांतरापेक्षा अधिक खटकलं. भावकीनं पंगतीतून काढलं ते रीतीप्रमाणे. विहिरीचा प्रश्न आला तेव्हा मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, असा निवाडा दिला की ओलिताच्या पाण्याला बाट लागत नाही. वार राहील, मात्र आमच्या घरानं पिण्याचं पाणी विहिरीतून न शेंदता पाटातून घ्यावं. तेच पाणी चार हात पुढे जाऊन शुद्ध कसं होतं, हे मी विचारलं नाही. धर्माच्या बाबतीत चार हात हे पुष्कळ अंतर असतं.

वाशीम आमच्या गावाहून चार कोस. तिथे मिशनचा बंगला, शाळा आणि प्रार्थनामंदिर. बाबा दर रविवारी पहाटे निघून चालत उपासनेला जात, कधी माय बरोबर असे, आणि दुपार कलली की परत येत. आमच्या आधी किंवा बरोबर जी घरं ख्रिस्ती झाली त्यांतली बहुतेक बंगल्याच्या आवारात राहायला गेली होती. कोणी स्वयंपाकी झाला, कोणी टांगेवाला, कोणी शाळेचा शिपाई. बंगल्यातल्या मिशनरी साहेबाच्या भाषेत ती माणसं ‘सुरक्षित’ होती. बाबांना आवारात जायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं एका ओळीचं होतं, आणि ते त्यांनी मायजवळ एकदाच बोलून दाखवलं: ख्रिस्ती व्हायला मळा सोडावा लागत असेल, तर तो मळेकऱ्यांचा देव नव्हे.

ही ओळ खरी करायची, एवढंच त्यांनी आयुष्यात मनावर घेतलं. आणि ती खरी होण्याच्या आड पहिल्या दिवसापासून आला तो रविवार.

रविवारी मोट चालवणं म्हणजे काम, आणि प्रभूच्या दिवशी काम नाही. साहेबाचा नियम पक्का होता. बाबांनी भावांकडे वार बदलून मागितला. आजोबांनी दिलेला वार बदलता येत नाही, असं सहाही जणांचं एकमत झालं. आमच्या घराण्यात एवढं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं. शेवटी बुधवारवाल्या चुलतभावाशी एक सोय झाली. त्याच्याकडे बैलजोडी नव्हती. बाबांनी त्याची नांगरट, वखरणी करून द्यायची, त्यानं बुधवारची अर्धी मोट बाबांना द्यायची. अर्ध्या दिवसाच्या पाण्यावर अर्धा मळा भिजे. उरलेल्या अर्ध्यात बाबा तूर पेरत. माय त्या तुरीला ‘रविवार’ म्हणे. ‘रविवार यंदा बरा आला’, ‘रविवाराले अळी पडली’, असं ती शेजारणींना सांगे, आणि शेजारणींना त्यात काही वावगं वाटत नसे.

मी त्या काळात वाशीमला मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात होते. सात वर्षं. तिथे मला वाचनाचा नाद लागला आणि साहेबलोकांच्या रविवाराचीही ओळख झाली. रविवारी बंगल्यात काम बंद असे, म्हणजे साहेब आणि मडम काम करत नसत. स्वयंपाकी करी, टांगेवाला करी, आणि संध्याकाळी बंगल्यातला माळी गुलाबांना झारीनं पाणी घाली. तो माळी हिंदू होता, म्हणून चालत असे.

त्याच सात वर्षांत मोठेबाबांच्या सोमवारची ख्याती वाढली. सोमवारी विहीर तोंडापर्यंत आलेली असते, इतर वारी तशी नसते, असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी याचं श्रेय महादेवाला दिलं. विहिरीजवळ ओटा बांधला, त्यावर पिंड बसवली, दर सोमवारी बेल आणि नारळ सुरू केला. पुढे शेजारच्या गावांतूनही लोक नारळ घेऊन येऊ लागले. धाकट्यानं घराण्याचा देव सोडला तरी थोरल्याकडे देव पाण्यातून प्रकट होतो आहे, अशी बोलवा होती. बाबा हे ऐकत आणि बैलांना वैरण टाकत. मीही सुट्टीत येई तेव्हा ऐके, आणि मी शाळेत गणितात पहिली येत असे. पण घरातल्या गोष्टीला कोणी गणित लावत नाही.

मी सोळाव्या वर्षी शिक्षण संपवून घरी आले, त्या वर्षी पावसानं दुसऱ्यांदा दगा दिला. दिवाळीनंतरच विहीर खाली गेली. बुधवारवाला चुलतभाऊ येऊन ओशाळ्या चेहऱ्यानं म्हणाला, की त्याचीच मिरची वाळते आहे, आता अर्धा बुधवार देता यायचा नाही. त्यात त्याची चूक नव्हती. त्यामुळे आमची चिडायचीही सोय राहिली नाही.

आमच्या वांग्यांना नुकती फुलं धरली होती. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, ही तर आठवड्याची भाजी. पाणी चुकलं की गेली. अनसिंगच्या बाजारात आमची टोपली दर खेपेला हलकी होत गेली. बाबा पुन्हा भावांकडे गेले. मोठेबाबांनी त्यांना सांगितलं, की तुझ्या देवानंच तुझा वार पाहून घेतला आहे, आता त्यालाच पाणी माग. मग बाबा साहेबाकडे गेले, आणि मी बरोबर गेले, कारण साहेबाचं मराठी पुस्तकातलं होतं आणि बाबांना ते कधी कधी कळत नसे.

साहेब मनानं वाईट नव्हता. त्यानं आम्हांला खुर्च्या दिल्या, चहा दिला, आणि हा परीक्षेचा काळ आहे असं सांगितलं. बाबांनी मान हलवली. मला वाटलं, सात वर्षं परीक्षा घेणाऱ्यानं एकदा तरी निकाल लावावा. मी धीर करून म्हटलं, की तहानलेल्या जनावराला प्रभूच्या दिवशी पाण्यावर नेलं तर चालतं असं शास्त्रातच आहे, मग तहानलेल्या वांग्यानं काय पाप केलं? साहेब हसला. वांगं हे जनावर नाही, असं त्यानं समजावून दिलं. मग त्यानं मनातली गोष्ट काढली. बंगल्यातला माळी म्हातारा झाला होता. बाबांनी मळा भावांना देऊन टाकावा आणि आवारात यावं; राहायला खोली होती, बाग होती, सगळी सोय होती.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग विचारलं, “साहेब, मी आलो, तर रविवारी गुलाबाले पाणी कोन घालीन?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. साहेबानं याचा विचार पुढे करू असं सांगितलं, आणि आम्ही चार कोस चालत घरी आलो.

त्यानंतरचा रविवार. मायनं आदल्या दिवशीपासून अंग दुखतं असं सांगून ठेवलं होतं, आणि तिच्याजवळ राहायला मी. बाबा पहाटे एकटे निघाले. ते नाल्यापलीकडे दिसेनासे होईतो माय दारात उभी राहिली, मग पदर खोचला आणि बैल सोडले.

आमच्याकडे बायका पाटावर उभ्या राहून वाफ्यांना पाणी फिरवतात. मोट हाकत नाहीत. मोटेच्या नाड्यावर, म्हणजे जाड दोरावर बसून बैलांमागे धावेच्या उतारावरून खाली जाणं हे पुरुषाचं काम. माय ते काम पाहून पाहून शिकलेली होती. पहिल्या दोन खेपांना चामड्याची मोट अर्ध्यावर हिंदकळली, तिसरीला नीट भरून वर आली आणि थारोळ्यात पाणी कोसळलं. तो आवाज आमच्या वारी मी सात वर्षांत ऐकला नव्हता. मी फावडं घेऊन वाफ्यात उभी होते. पाणी पाटातून आलं ते आधी तडकलेल्या जमिनीत सुंईसुंई करत जिरलं, मग पुढे सरकलं. मी मायला हाक मारून विचारलं, की देव रागावला तर? ती बैल मागे घेत होती. “माहा देव पाणी पाहून रुसत नाही,” ती म्हणाली, “आन् रुसला तं संध्याकाळी समजावू त्याले.”

रात्रीत झिरपलेलं पाणी विहिरीत होतं. आम्ही दोघींनी हावरटपणानं पाणी काढलं. मेथीला, सांभाराला, मग वांग्यांना, मग पुन्हा वांग्यांना. दुपारी मोटेत गाळ येऊ लागला तेव्हा माय थांबली. तिच्या तळहातांचं साल निघालं होतं. रस्त्यानं जाणाऱ्या दोघातिघांनी थांबून आमच्याकडे पाहिलं. मोटेवर बाई ही पाहण्यासारखीच गोष्ट होती.

बाबा आले तेव्हा ऊन उतरत होतं. ते मळ्याच्या तोंडाशी उभे राहिले. वहाणा काढून हातात घेतल्या आणि ओल्या बांधावरून वांग्यांपर्यंत चालत गेले. माय शेण काढायच्या निमित्तानं गोठ्यात शिरली. मी फावड्याला टेकून उभी राहिले. मी भांडणाची तयारी करून ठेवली होती. जनावराचं पाणी, वांग्याचं पाणी, बंगल्यातले गुलाब, सगळे मुद्दे क्रमानं लावले होते.

बाबा वाकून एका झाडाच्या बुडाशी बोटानं चाचपत म्हणाले, “वांग्याले जरा जास्त झालं.”

एवढंच. मग हातपाय धुतले, भाकरी खाल्ली, आणि रोजची प्रार्थना केली. तीत कालच्याइतकीच वाक्यं होती. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांना आयुष्यभर दुवा दिला असता.

सोमवारी दिवस कासराभर वर आला नाही तोच मोठेबाबा आमच्या अंगणात आले. धर्म बदलल्यापासून ते आमच्या अंगणात आले नव्हते. कपाळाला ताजं भस्म होतं आणि धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. बाबा सुतळी वळत बसले होते.

“काल मोट कोनं हाकली?”

“माहा वार होता,” बाबा म्हणाले.

“वार तुहा होता. पर सात वर्सं तू हात लावला काय? काल कायले लावला? माह्या मोटेत नुसता गाळ येऊन राह्यला. पिंडीपाशी लोकं नारळ घेऊन बसले हायेत, आन् विहिरीत बेडकं बी पायावर उभे हायेत.”

बाबांचा सुतळी वळणारा हात थांबला. मला वाटतं, त्यांना ते त्याच क्षणी कळलं असावं, आणि मलाही. विहीर एका दिवसात जितकी उपसते तितकी एका रात्रीत झिरपून भरत नाही. तिला एक पुरा दिवस निवांत मिळाला की ती तोंडाला येते. सात वर्षं तो दिवस तिला बाबांनी दिला होता, आणि त्याचा नारळ महादेवाला मिळत होता.

मोठेबाबांनाही अंगणात येण्याआधीच ते कळलेलं असणार; ते मूर्ख नव्हते. म्हणूनच त्यांचा आवाज चढला. “तुह्या देवानं सांगतलं ना तुले, रविवारी काम करू नको म्हून? मंग काहून मोडून राह्यला तू? धरम घेतला तं नीट पाळावं माणसानं.”

तेवढ्यात आतून, दाराआडून, माय बोलली. ती थोरल्या दिरासमोर कधी बोलत नसे, आणि त्या दिवशीही ती समोर आली नाही; नुसता आवाज आला. “म्हंजे उपास आमी धराचा, आन् पारणं तुमी सोडाचं काय, भाऊजी?”

मोठेबाबा दाराकडे न पाहता बाजेवर बसले. पुष्कळ वेळ ते पायाचा चिखल काडीनं खरवडत होते. मग तिथेच निकाल लागला. रविवारी मोट कोणीच चालवायची नाही, विहिरीनं भरायचं. सोमवारी दुपारपर्यंत मोठेबाबांची मोट, दुपारनंतर बाबांची. रिकाम्या अख्ख्या सोमवारापेक्षा भरलेला अर्धा बरा, हे थोरल्याला पटलं. आजोबांनी दिलेला वार बदलत नाही या वचनाला बाधा येऊ नये म्हणून असं ठरलं, की बाबांचा वार रविवारच. तो फक्त सोमवारी दुपारी सुरू होतो.

सात वर्षं विनवण्या करून, उपासतापास करून जे झालं नाही ते मायच्या सोललेल्या हातांनी एका दिवसात झालं. माझा निष्कर्ष तेव्हा स्वच्छ होता: नियम पाळत बसलं की माणूस वाळतो, आणि मोडला की वाट निघते. मी तो बाबांना सांगणार होते. पण त्याआधी वाशीमहून निरोप आला.

मोटेवरच्या बाईची गोष्ट बाजारातून बंगल्यापर्यंत पोचली होती. मंडळीच्या वडिलांची, म्हणजे ख्रिस्ती समाजाच्या पंचांची, सभा बसली. पाच वडील, त्यांतले तिघे आवारातले, इस्त्रीच्या सदऱ्यातले. मध्ये साहेब. बाबा उभे, आणि मी मागे बायकांच्या चटईवर. माझे मुद्दे अजून पाठ होते. त्यांत आता एक नवा आणि मोठा मुद्दा होता: बाबा त्या दिवशी इथेच होते, याच मंदिरात, तुमच्याच डोळ्यांसमोर.

वडिलांपैकी एकानं विचारलं, की प्रभूच्या दिवशी तुमच्या मळ्यात मोट चालली हे खरं का. बाबा म्हणाले, खरं. कोणी चालवली? तो माणूस बाबांच्या बाजूनं विचारत होता. त्यालाही माहीत होतं बाबा कुठे होते. त्याला फक्त ‘बायकोनं’ एवढं ऐकायचं होतं.

“पाणी माह्या मळ्यात गेलं,” बाबा म्हणाले. “मीच पाजलं म्हना.”

मी उठायला हवं होतं. मला तिथे सगळ्यांत जास्त वाचता येत होतं, सगळ्यांत जास्त बोलता येत होतं, आणि फावडं माझ्या हातात होतं. मी उठले नाही. आपल्या लाजेला पुढे मी पुष्कळ चांगली नावं दिली, बापाच्या शब्दाचा मान वगैरे. ती भीती होती.

सहा महिने बाबांना प्रभुभोजनाच्या मेजावरून दूर ठेवण्यात आलं. उपासनेला यायचं, पण भाकर आणि प्याला वाटला जाईल तेव्हा मागे बसून राहायचं. आम्ही परत आलो तेव्हा ही बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. मोठेबाबा विहिरीच्या ओट्यावर बसले होते. वाळीत टाकणं हा विषय त्यांच्या हातचा असल्यामुळे त्यांनी मुदत वगैरे बारकाईनं विचारून घेतली. मग मान हलवली.

“आमी तुले जातीबाहेर काढलं. आता त्यायनं बी काढलं,” ते म्हणाले. “मंग तू आता हायेस तरी कोठचा, लेका?”

“मळ्यातला,” बाबा म्हणाले, आणि बैल सोडायला गेले. सोमवारची दुपार होती.

त्या सहा महिन्यांइतका राग मला पुढे कशाचा आला नाही. बाबा एकही रविवार चुकले नाहीत. ऊन असो, पायाला भेगा असोत, पहाटे निघायचं, चार कोस चालायचं, आणि जिथे आपल्याला वाढायचं नाही असं ठरलं आहे त्या पंगतीच्या मागे जाऊन बसायचं. मीही दर रविवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. भक्तीनं नव्हे; त्यांना एकटं तिथे बसू देणं मला असह्य होई म्हणून. भोजनाची वेळ आली की मीही मागेच बसे. मला कोणी अडवलं नव्हतं. बाबांनी ते पाहिलं.

मधल्या काळात मंदिरासाठी परदेशातून घंटा आली. तिच्या स्वागताला आंब्याच्या पानांची कमान, मुलींचं गीत, आणि वाशीममधले चार वकील खुर्च्यांवर. त्या सभेत साहेबानं वर्षाचा अहवाल वाचला. दुष्काळ, शाळा, दवाखाना, आणि मग आवाज जरा वर चढवून त्यानं सांगितलं, की आमच्या एका विश्वासू बंधूच्या उदाहरणानं त्याच्या गावातलं सगळं हिंदू घराणं आता प्रभूचा दिवस पाळू लागलं असून रविवारी त्यांच्या विहिरीवर मोट चालत नाही. टाळ्या झाल्या. वकिलांनीही वाजवल्या. तो विश्वासू बंधू तेव्हा माझ्याशेजारी शेवटच्या रांगेत, मेजापासून ठरवून दिलेल्या अंतरावर बसलेला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते घंटेकडे पाहत होते. केवढी जड असेल, असं त्यांनी मला हळूच विचारलं.

परतताना रस्त्यात माझा धीर सुटला. मी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. इतका अन्याय, इतका देखावा, आणि तुम्ही तरी तिथे का जाता, तुम्हांला तिथे मिळतं काय, असा त्याचा मथितार्थ. बाबा चालत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा वांग्यांवर येतील.

“मोट खाली गेली का दिसत नाही,” ते म्हणाले. “भरली का नाही ते नाडा सांगते. भरली तं जड लागते.”

मी विचारलं, की मग तुमचा नाडा आता जड लागतो का.

“नाही,” ते म्हणाले. “लय दिवस झाले, रिकामीच येऊन राह्यली.” थोडं चालल्यावर म्हणाले, “पर बैल मागं घ्याच लागते. त्याबिगर मोट खाली कशी जाईन?”

मला हे उत्तर तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं आहे असं म्हणवत नाही. रिकामी मोट कितीदा सोडायची याला काही हिशेब असायला हवा, असं माझं मत आहे. पण ते खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्या दिवशी धरून ठेवलं. बंगल्यात मी आनंदाच्या पुष्कळ साक्षी ऐकल्या होत्या. मोट रिकामी येते असं सांगणारा माणूस पहिल्यांदाच भेटला, आणि तो घरचाच निघाला.

सहा महिने भरले त्या रविवारी बाबांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, पागोटं सारखं केलं, आणि रांगेतून पुढे गेले. मी जागची हलले नाही. माझी शिक्षा कोणी ठरवलीच नव्हती, म्हणून ती कोणी संपवूही शकत नव्हतं. बाबा मेजापाशी पोचले आणि तिथे थांबले. साहेबानं ताट पुढे केलं. बाबांनी हात पुढे केला नाही. ते मागे वळले आणि माझ्याकडे पाहत उभे राहिले, धावेच्या वरच्या टोकाशी मोट बुडायची वाट पाहत उभे राहतात तसे. त्यांना त्या उभं राहण्याची सवय होती. रांगेला नव्हती. कोणीतरी खाकरलं. इस्त्रीच्या सदऱ्यातल्या वडिलांनी बाबांना खुणा केल्या. साहेबाचा हात ताट धरून अवघडला होता.

“ये,” बाबा म्हणाले. “त्या दिवशी वाफ्यात तू होती, आन् मले माहीत हाय.”

ते मोठ्यानं बोलले नव्हते, पण मंदिरात शांतता होती आणि ते सगळ्यांनी ऐकलं. सहा महिने जे मी सांगू शकले नाही ते त्यांनी माझ्यासाठी सांगून टाकलं, तेही आपली शिक्षा पुरी भोगून झाल्यावर, म्हणजे आता त्याचं कोणाला काही करता येऊ नये. मी उठले. कोणी याला कृपेचा क्षण म्हणेल. मला आठवते ती रांगेची लाज, आणि पायातल्या मुंग्या. मी गेले आणि बाबांच्या शेजारी उभी राहिले, आणि दोघांनी भाकर घेतली. वडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेब क्षणभर थांबला आणि त्यानं प्याला पुढे केला. त्या दिवसापासून मी त्याला बरंच माफ केलं आहे.

गावात शिरलो तेव्हा मोठेबाबा विहिरीच्या ओट्यावर पहारा दिल्यासारखे बसले होते. मंगळवारवाल्यांची सून घागर-दोर घेऊन आली होती, आणि ते तिला परत पाठवत होते. आज रविवार आहे, आज विहिरीला हात लावायचा नाही, हे ते ज्या आवाजात सांगत होते त्या आवाजात मी फक्त साहेबाला बोलताना ऐकलं होतं. ती कुरकुरत गेली. मग त्यांनी बाबांना विचारलं, “वाढलं काय आज तुले?”

बाबा म्हणाले, वाढलं. मोठेबाबांनी मान हलवली, आणि उद्या दुपारी मोट वेळेवर सोडून देतो, असं सांगितलं. ती त्यांनी अर्धी घटका उशिरा सोडली.